टक् करून गप्प

सकाळचे साडेसहा वाजले असतील. मी मोरीत दात घासत होतो आणि बाहेर पोर्चमध्ये टक् झालं. नुसतं टक्, पुढं काही नाही. थोड्या वेळानं परत टक्. आमची गाडी सुरू होताना आधी खोकते, मग थरथरते आणि मग सगळ्या गल्लीला उठवते, हे इतकी वर्षं ऐकून माझ्या कानाला पाठ झालंय. हे टक् नवीन होतं. ब्रश तोंडात तसाच ठेवून बाहेर आलो. आबा, म्हणजे माझे वडील, मफलर गुंडाळून गाडीत बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला बघून त्यांनी परत एकदा किल्ली फिरवली. टक्. मग खाली उतरले, दार हळूच लावलं आणि माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, "तुला गाडी बंद पाहिजे हुती न्हवं? झाली बंद."

आणि आत गेले. मी तोंडात फेस घेऊन उभा. उत्तर द्यायचं तर पेस्ट गिळावी लागली असती, आणि थुंकून येईपर्यंत त्यांच्या खोलीचं दार लागलं होतं.

मी गाडीला बोटही लावलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं घरात कुणाचाच माझ्यावर विश्वास बसला नाही. बसणार तरी कसा? दोनच आठवड्यांपूर्वी मी माझ्या हातानं माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. राधानगरीकडचे पावणे मुक्कामाला होते, सकाळी पोहे खात बसलेले. तेवढ्यात आबा कळंब्याच्या तळ्यावरून फिरून आले आणि गाडी आत घेताना त्यांनी फाटकाच्या खांबाला डावी बाजू घासली. खांबाचं प्लॅस्टर निघालं, गाडीचा पत्रा चेपला. माझा राग म्हणजे जाळ आणि धूर संगटच. तसाच बाहेर गेलो आणि सगळ्यांच्या देखत ओरडलो, की एक दिवस ही गाडीच बंद करून टाकतो, मग बघतो कसं जाताय ते. पावणे बशीत बघून पोहे खात राहिले. बायको मला दारातून डोळे दाखवत होती, पण बाण सुटला होता.

आबांचं वय एक्याऐंशी. उभं आयुष्य त्यांनी ट्रकांचं वायरिंग करण्यात घालवलं. हायवेच्या कडेच्या एका शेडमध्ये ते वायरिंग मिस्त्री होते, आणि शेड सुटल्यावर ही पांढरी छोटी गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली. तेव्हाच ती वापरलेली होती, आता तर म्हातारीच झाली. पण रोज सकाळी तिला घेऊन तळ्यावर जायचं, बांधावर चालायचं, कोपऱ्यावरच्या टपरीत चहा घ्यायचा आणि परत यायचं, हा नेम कधी चुकला नाही. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय. दुसऱ्याचा काढूया म्हटलं की म्हणायचे, बघू थंडी गेल्यावर. तीन थंड्या गेल्या.

तर त्या दिवसापासून आबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. भांडले असते तर बरं होतं. भांडण मला समजतं. आम्ही दोघं वर्षानुवर्षं सकाळचा चहा पोर्चमध्ये बसून घेत आलोय. ते पेपरातली बातमी मोठ्यानं वाचणार आणि मी त्यावर कुणाला तरी शिव्या देणार, अशी आमची रीत. आता ते कप उचलून खोलीत जायला लागले. मी समोरून आलो की खिडकीतून बाहेर बघायचे. मला त्या गाडीचं काही पडलेलं नव्हतं, भंगारात गेली असती तरी चाललं असतं. पण माझ्या बापाला मी चोरटा वाटलो, तोंडावर बोलायचं सोडून पाठीमागनं तारा तोडणारा वाटलो, हे मला लई झोंबलं. काहीही करून दाखवून द्यायचं ठरवलं, की गाडी कुणी बिघडवली आणि तो मी नाही.

माझी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. उसाच्या ट्रॉलीत ओली माती किती, पाचट किती, ड्रायव्हर काट्यावर असताना खाली उतरला का बसून राहिला, हे बघण्यात माझा जन्म गेला. बायको म्हणते, तुम्ही देवळातल्या घंटेवर पण संशय घ्याल. घेतो. कारण निम्म्या वेळा तो खरा निघतो.

पहिला संशय बॅटरीवर. मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ बघितले. सगळे एकच सांगत होते, गाडी टक् करते आणि सुरू होत नाही म्हणजे बॅटरी उतरलीय. पण हॉर्न वाजवला तर असा वाजला की शेजारचं कुत्रं उठून बसलं. दिवे लावले, लख्ख. किल्ली फिरवली की मात्र टक् होऊन दिवे मंद. बॅटरीच्या टोकांवर पांढरं पीठ आलेलं, ते गरम पाण्यानं धुतलं, पॉलिश पेपरनं घासलं, व्हॅसलीन लावलं, व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं तसं सगळं केलं. टक्. मग बॅटरी काढली, स्कूटरच्या पायापाशी ठेवली आणि जिथनं घेतली त्या दुकानात गेलो. दुकानदारानं मीटर लावलं आणि म्हणाला, बॅटरी एकदम तगडी आहे. मी त्याच्या मीटरकडं बघितलं. मीटर काय असतं आणि ते कसं फिरवता येतं, हे मला शिकवायला नको. म्हणून तिथनं दुसऱ्या दुकानात गेलो. तोही म्हणाला तगडी आहे. येताना वाटेत आठवलं की दोन्ही दुकानांच्या पाट्या एकाच रंगाच्या आहेत, म्हणजे आतनं दोघं एकच असणार. बायकोला हे सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारून घेतला.

दुसरा संशय शेजाऱ्यावर. पोर्चमध्ये लावली तरी आमच्या गाडीचं तोंड बाहेर राहतं आणि त्याच्या फाटकात येतं, अशी त्याची जुनी तक्रार. एकदा त्यानं तिच्या काचेवर चिठ्ठी चिकटवली होती. मी बॉनेट उघडून उभा राहिलो तर हा पठ्ठ्या न बोलावता स्वतःची गाडी पुढं आणून, तांबडी-काळी केबल घेऊन हजर. करू का मदत म्हणाला. ज्यानं बावीस वेळा तोंड वाकडं केलं त्याला एकदम माया कशी फुटली? मनात पाल चुकचुकली. तरी केबल लावू दिली. त्याची गाडी घरघरत राहिली, आमची टक् करून गप्प बसली. तो म्हणाला, मग बॅटरीचा प्रॉब्लेम न्हाय, दुसरंच कायतरी हाय. दुसरंच कायतरी हाय हे तुला रे कसं ठाऊक, असं माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं.

तिसरा संशय घरातच. गाडी गेली तर पोर्चमध्ये कुंड्या लावता येतील, असं बायको पावसाळ्यात एकदा बोलून गेली होती. मी आपलं सहज विचारलं, तू बॉनेट वगैरे उघडलं होतंस का गं. तिनं लाटणं खाली ठेवलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी कारखान्यात लवकर गेलो. जाता जाता ती म्हणालीच, की चोराच्या मनात चांदणं. म्हणजे तिचाही माझ्यावरच.

अंबाबाईची शपथ घेतो म्हटलं, की मी काही केलेलं नाही. ती म्हणाली, देवीला कशाला मधी घेताय, तिनं का गाडी बघितलीया?

आणि या सगळ्यात आबा काय करत होते? बसून होते. ज्या माणसानं झोपेत हात घातला तरी कुठली तार कुठं जाते हे सांगावं, तो माणूस खिडकीत बसून माझी धडपड बघत होता. एकदा बायकोनं मला ऐकू जाईल अशा बेतानं त्यांना म्हटलं, मामंजी, तुम्ही जरा बघा की. आबा म्हणाले, मी आता हात लावणार न्हाय तिला. मला त्याचा अर्थ एवढाच लागला, की ज्यानं बिघडवली त्यानं निस्तरावं. अजूनच जळफळलो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मोठ्यानं म्हणालो. खिडकी लागली.

मधेच एक भलतंच झालं. बायको दुपारचा चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेली आणि तिनं साधंच विचारलं, मामंजी, नेमकं झालंय तरी काय? आबा भिंतीकडं बघून म्हणाले, "अर्थच न्हाय आता." बस्स एवढंच. ती चहा तिथंच ठेवून घाबरीघुबरी बाहेर आली. मला कारखान्यात फोन. काट्यावर ट्रॉल्यांची रांग लागलेली, ड्रायव्हर बोंबलतायत, आणि फोनवर ही रडतीय, की मामंजींनी जगण्याची आशा सोडली, अर्थच न्हाय म्हणाले, आणि हे सगळं तुमच्यापायी. खरंच सांगतो, त्या दिवशी दोन ट्रॉल्या मी न बघता सोडल्या.

तिनं माझ्या बहिणीलाही कळवलं. बहीण मलकापूरला असते. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर, पिशवीत बेसनाचे लाडू आणि एक अध्यात्माचं पुस्तक. आबांच्या पलंगावर बसून तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि रडत म्हणाली, आबा, असं कसं अर्थ न्हाय म्हणता, आम्ही हाय की सगळी. आबा तिच्याकडं जरा वेळ बघत राहिले, ही कशाबद्दल बोलतीया हे त्यांना कळेना. मग म्हणाले, न्हाय म्हंजे न्हाय, बसवला की येतोय. बहिणीनं डोळे पुसले. बाहेर येऊन आम्हाला म्हणाली, आबा किती मोठं बोलले बघा, मन बसवलं की अर्थ येतोय म्हणाले. घरच्या ग्रुपवर तिनं ते हात जोडून टाकलं. सोलापूरच्या काकांनी त्याला फुलं टाकली. मला तिथंच काहीतरी खटकलं होतं, कारण आबा आयुष्यात असं कधी बोललेले नाहीत. देवाधर्माचं बोलणं सुरू झालं की ते उठून नळ गळतोय का बघायला जातात. पण बहीण इतकी रडली होती की मी गप्प बसलो. जाताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, दादा, तू कबूल कर बाबा, एवढंच केलंस तर ते बोलतील. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं तर सगळ्यांना माझंच वांगं सापडत होतं.

शेवटी मिस्त्री बोलावला. आमच्या रस्त्याच्या टोकाला गॅरेज आहे त्याचं, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल, अंगानं दणकट, बोलताना सगळ्यांना पावणं म्हणणारा. आला, किल्ली फिरवली, टक् ऐकलं आणि लगेच म्हणाला, स्टार्टर गेलाय पावणं, काढून न्यावा लागंल. आता लगेच म्हटलं की माझा विश्वास उडतो. काढून नेला की तिकडं काय बदललं आणि काय जुनंच घातलं, कोण बघायला जाणार? मी म्हटलं, जे काय करायचं ते माझ्यासमोर इथंच. खुर्ची आणून त्याच्या डोक्यावर बसलो. तो हसला, म्हणाला तुमचा स्वभाव लई वंगाळ हाय. मी म्हटलं, हाय.

त्यानं स्टार्टरवर पान्यानं दोन ठोके मारले आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. टक्. परत फिरवा म्हणाला. परत टक्. असं सात-आठ वेळा केल्यावर त्याचा हात चुकून ॲक्सिलरेटरच्या केबलला लागला आणि त्यानं तो झटकन मागं घेतला. केबल तापली होती. मला म्हणाला हात लावून बघा. खरंच, चहाच्या कपागत गरम. तो सरळ उभा राहिला, डोकं खाजवलं आणि एक जाड केबल आणली. तिचं एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला धरलं, दुसरं टोक चिमट्यानं थेट इंजिनाच्या लोखंडाला लावलं.

"मारा आता," तो म्हणाला.

किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि गल्लीला ऐकू जाईल अशी सुरू झाली. आठ दिवसांत पहिल्यांदा. मी खिडकीकडं बघितलं. आबा तिथं नव्हते.

"स्टार्टर बरा हाय," मिस्त्री म्हणाला. "हिला अर्थ न्हाय."

मी म्हटलं, काय न्हाय?

"अर्थ, अर्थ. अर्थिंग हो. इंजिनाची आन् बॉडीची गाठ घालणारी एक तांब्याची पट्टी असतीया. ती असंल तर करंट माघारी जातोय. न्हाय तर ह्या बारक्या केबलीतनं वाट काढतोय, मग नुसतं टक् हुतंय आन् केबल तापतीया. पट्टी बसवली की येतोय अर्थ."

मी गाडीच्या सीटवर तसाच बसून राहिलो. न्हाय म्हंजे न्हाय, बसवला की येतोय. एक वायरिंग मिस्त्री गाडीचा बिघाड सांगत होता आणि आम्ही सगळी मिळून त्याला लाडू आणि पुस्तक देत होतो.

मिस्त्री वाकून खाली टॉर्च मारत होता. पट्टी गंजून तुटली असंल म्हणाला. मग म्हणाला, न्हाय हो, तुटली न्हाय, काढलीया कुणीतरी. पट्टीच जाग्यावर न्हाय. म्हटलं, चोर. शेजारी. बॅटरीवाला. सगळे एकदम डोळ्यांसमोर आले. पण मिस्त्री अजून वाकलेलाच होता आणि त्याच्या आवाजात कौतुक आलं होतं.

"चोर न्हवं, पावणं. हे बगा. पट्टी काढून बोल्ट परत त्याच भोकात लावलाय. वायसरासकट. हातानं दोन आटे फिरवून. असं आताची पोरं करत न्हाईत, आम्ही बी करत न्हाय. जुना मिस्त्री असणार कोणतरी."

मला बघायची गरज नव्हती. लहानपणी मी त्या शेडमध्ये सुट्टीत जायचो, तेव्हा एखादा माणूस काढलेला बोल्ट जमिनीवर ठेवताना दिसला की आबा लांबनं खेकसायचे, जिथला तिथं लाव, उद्या कुठं हुडकशील. त्यांच्या हाताखालच्या माणसांना त्यांनी दुसरं काही शिकवलं नसेल, पण हे शिकवलं. आमच्या घरात मिक्सर उघडला तरी त्याचे स्क्रू तसेच जागच्या जागी परत लागलेले असतात.

मिस्त्री म्हणाला, नवी पट्टी बसवून देतो, पाच मिनिटांचं काम. मी त्याला म्हटलं, आज राहू दे. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की आता त्याचाही माझ्यावर संशय. केबल गुंडाळून गेला.

आधी मला राग आला. साहजिक आहे. आठ दिवस मी घरात चोर म्हणून वावरतोय, बायको धड बोलत नाही, बहीण कबूल कर म्हणतीय, आणि पट्टी काढणारा खोलीत बसून लाडू खातोय. तडक खोलीत जाऊन विचारणार होतो. दाराशी गेलोही. आतून काही आवाज नव्हता. हात कडीवर ठेवला आणि थांबलो, कारण एक गोष्ट मला सुटेना. ज्या माणसाला तळ्यावर गेल्याशिवाय दिवस उजाडत नाही, त्यानं आपलीच गाडी आपल्या हातानं बंद का करावी? हे आबांना विचारून कळलं नसतं. स्कूटर काढली आणि दुसऱ्या सकाळी, ज्या वेळेला आबा जायचे त्याच वेळेला, कळंब्याला गेलो.

टपरीवाल्यानं मला ओळखलं. आबा बरं हाईत न्हवं, हेच पहिलं विचारलं त्यानं. मी बरे आहेत म्हटलं आणि जरा आडूनच विचारलं, की मधी इथं काही झालं होतं का. ताकाला जाऊन भांडं लपवतोय हे त्याला कळलं असावं. त्यानं माझ्यापुढं चहा ठेवला आणि इकडंतिकडं बघून सांगितलं. घरात सांगू नको असं आबांनी त्याला बजावलं होतं, पण आता आठ दिवस ते आलेच नाहीत म्हणून सांगतो म्हणाला.

गाडी बंद पडली त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. ऊन नुकतं वर आलेलं, समोरून डोळ्यांवर. एक बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन रस्ता ओलांडत होती. टपरीवरच्या सगळ्यांना ती दिसत होती. आबांना दिसली नाही. लोक ओरडले तेव्हा त्यांनी ब्रेक मारला. बाई दचकून मागं पडली, भारा पुढं पडला आणि गाडी भाऱ्याला धडकून थांबली. बाईला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. पण आबा गाडीतून उतरले ते सरळ येऊन याच बाकावर बसले होते म्हणाला. हातात पाण्याचा गिलास धरवत नव्हता. शेवटी त्या बाईनंच त्यांना पाणी पाजलं. सारखं एकच म्हणत होते, मला दिसलीच न्हाय, मला दिसलीच न्हाय. अर्ध्या तासानं उठले आणि गाडी पहिल्या गिअरवर, रस्त्याच्या कडेकडेनं घेऊन गेले.

त्या दिवशी ते उशिरा आले होते, हे मला आता आठवलं. जेवले नव्हते. मी कारखान्यात जायच्या घाईत होतो, उशीर का झाला तेही विचारलं नाही. मी गेल्यावर त्यांनी पान्याची पेटी काढली असणार.

टपरीवाला म्हणाला, ती बाई याच वाटेनं जाते, थांबा. थांबलो. ती आली, भारा डोक्यावर, चाल झपाझप. मी कोण ते सांगितल्यावर जरा लाजली. म्हणाली मला काय बी झालं न्हाय, त्या आजोबांस्नी तेवढं सांगा, लई भ्यालं हुतं बिचारं. मी हात जोडले. ती भाऱ्याखालनं हसली आणि गेली.

स्कूटर तिथंच ठेवून मी बांधावर जाऊन बसलो आणि रडलो. सरळ सांगतो, रडलो. आबांना मला सांगता आलं असतं, की डोळ्यांना दिसत नाही, भीती वाटते, आता गाडी चालवणार नाही. पण कुणाला सांगायचं? पावण्यांच्या देखत ओरडणाऱ्या पोराला? त्यांनी सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो ते मला ठाऊक आहे. मी सांगत नव्हतो काय, हेच म्हणालो असतो, आणि मरेपर्यंत म्हणत राहिलो असतो. म्हणून त्यांनी ती स्वतःच बंद केली. आणि मला त्यांनी चोर म्हटलंच नव्हतं. तुला बंद पाहिजे होती, झाली बंद, एवढंच म्हणाले होते. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. संशय सगळा माझ्या पदरचा. ते गप्प राहिले ते माझ्यावरच्या रागानं नाही. तोंड उघडलं तर ती बाई बाहेर येईल म्हणून.

आता करायचं काय? पट्टी आबांनी काढली असं घरात सांगितलं की लगेच सगळी विचारणार, का काढली? मग तळं निघणार, भारा निघणार, बहीण परत लाडू घेऊन येणार. नाहीतरी चोर मी ठरलोच होतो.

संध्याकाळी आबा पोर्चमध्ये खुर्चीवर बसले होते, गाडीकडं तोंड करून. बायको खाली बसून घेवडा निवडत होती. मी समोर गेलो आणि एका दमात सांगून टाकलं.

"आबा, गाडीची अर्थची पट्टी मीच काढलीया. रागाच्या भरात काढली. चुकलं माझं."

बायकोचे हात थांबले. "बघा, मी म्हणत हुते की," ती म्हणाली, आणि ताट उचलून फणकाऱ्यानं आत गेली. आत भांडी आपटायला लागली.

आबांनी माझ्याकडं बघितलं. नऊ दिवसांनी सरळ तोंडाकडं बघितलं. मग विचारलं, "कुठल्या पान्यानं काढलीस?"

माझी दांडी उडाली. "बारा-तेराच्या," मी ठोकून दिलं.

"चौदा-पंधरा लागतोय," आबा म्हणाले.

मी पायरीवर बसलो. शेजाऱ्याची गाडी आली, त्यानं आमच्या गाडीला वळसा घालून ती आत घेतली, फाटक लावलं. मला वाटलं आता एवढ्यावरच राहणार. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं न वळता विचारलं, आवाज इतका बारीक की आतल्या भांड्यांत बुडाला असता.

"ती बाई चालतीया न्हवं नीट?"

"चालतीया," मी म्हणालो. "सकाळी भारा घेऊन माझ्या म्होरनं गेली. तुमची चौकशी करत हुती."

आबांनी मफलर सोडवला आणि दोन्ही हातांनी तोंडावर धरला. एक्याऐंशी वर्षांचा माझा बाप पोर्चमध्ये बसून रडत होता, आणि मी पायरीवरून सरकून त्यांच्या खुर्चीला टेकून बसलो.